काटा अठ्ठाविसावर

"अठ्ठावीस," सासूबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, ही बाई खोटं बोलतेय. मनात आलं तशी मीच दचकले. गुरुवारची सकाळ होती. आमच्या पिंपरीत विजेच्या वाटपामुळे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून कंपन्यांच्या मागचा हा रस्ता एवढ्या एका दिवशी माझा. एरवी या वेळेला इथून पहिल्या पाळीच्या सायकली डबे खडखडवत जातात. आज एक म्हैस आणि तिच्यामागे तानुबाई दूधवाली, एवढीच वर्दळ. नवऱ्यानं कंपनीची फीत लावून मोजून दिलेले शंभर मीटर, ट्रान्सफॉर्मरपासून ओढ्यावरच्या या मोरीपर्यंतचे, मी जीव खाऊन धावून आले होते आणि मोरीच्या कठड्याला धरून ओणवी झाले होते. कानशिलं ठणकत होती. सासूबाई कठड्यावर बसलेल्या. त्यांनी आकडा सांगितला, घड्याळाची कळ दाबून काटा शून्यावर नेला, घड्याळ रुमालात गुंडाळून कनवटीला खोचलं. दर वेळी असंच करायच्या. वस्तू कंपनीची, उसनी आणलेली, तिच्यावर धूळ बसायला नको. पण आज ते गुंडाळणं मला फार चपळ वाटलं. मी मान वर करेपर्यंत काटा शून्यावर. "मागल्या गुरवारी एकोणतीस व्हतं," त्या म्हणाल्या, "एकानं उतरलं की." म्हणजे वर समजूतही काढत होत्या. मला हवे होते अठरा.

अठरा कशासाठी, ते सांगायला हवं. मी विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला कारकून आहे. नऊ वर्षं लोकांची कार्डं बघते. कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता सटकला. आमच्या जुळणी विभागात दीडशे बायका आहेत. दिवसभर मान खाली घालून चिमट्यानं बारीक बारीक स्क्रू बसवायचे आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. चार वर्षांपूर्वी मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत खो-खो खेळायला ओढलं. पहिल्या दिवशी सहाजणी आल्या, त्यातल्या दोघी माझी कीव करून. दुसऱ्या वर्षी आठ संघ झाले आणि तिसऱ्या वर्षी पुरुषांची कबड्डीसुद्धा माझ्याच गळ्यात पडली, कारण तिन्ही पाळ्या डोक्यात ठेवून सामने लावणारं माणूस कंपनीत मी एकटीच. रात्रपाळीच्या संघाला सकाळी सातचा सामना दिला तर ते अर्धवट झोपेत खेळतात आणि हरल्यावर पंचाच्या अंगावर जातात, हे मला ठाऊक. कुणाला पहिल्या फेरीत पुढे चाल द्यायची म्हणजे कुणाचं नाक वर होणार नाही, हेही ठाऊक. या वर्षी संक्रांतीच्या सुमारास साहेबांनी बोलावून सांगितलं, की कंपनी क्रीडा अधिकाऱ्याची जागा काढतेय. काम तुमचंच आहे, म्हणाले, पण जागेला शारीरिक शिक्षणाची पदवी लागते. ती घेऊन या, तोवर बिनपगारी रजा देतो. नाहीतर फौजेतून आलेल्या एका मारुतरावांचा अर्ज टेबलावर आहेच. पदवीचं कॉलेज पुण्यात. दहा महिने, वसतिगृहात राहणं सक्तीचं. आणि प्रवेशाला मैदानी चाचणी. उडी मला जमत होती, गोळा जमत होता. बायकांना शंभर मीटर अठरा सेकंदांच्या आत धावायचं, तिथं माझं घोडं अडलं होतं. वय बत्तीस. पदरी सात वर्षांची शैला. आणि नऊ वर्षं खुर्चीत बसून जमवलेलं जे काही असतं ते.

बाकी तयारी मात्र इतकी मजेत चालली होती की मला कधी कधी स्वतःची लाज वाटायची. अभ्यासक्रमाचं पत्रक आलं तेव्हा त्यात एक विषय होता, क्रीडा संघटन आणि व्यवस्थापन. मैदान कसं आखावं, सामन्यांची रचना कशी करावी, पंचांच्या वादात काय करावं. मी ते वाचत पलंगावर बसून एकटीच हसत सुटले. हे तर मी करून बसले होते, आता फक्त त्याची नावं शिकायची होती. मग पिंपरी कॅम्पात जाऊन कॅनव्हासचे पांढरे बूट घेतले. तिथल्या शिंप्याकडे पांढरी सलवार आणि आखूड सदरा शिवायला टाकला. तो माप घेता घेता विचारत राहिला, मुलीचं वय काय, आणि मी माझंच माप देतेय हे कळल्यावर फीत गळ्यात टाकून चहाच प्यायला निघून गेला. शरीरशास्त्राचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यातली हाडं मी पोळ्या लाटताना पाठ करायची आणि शैला पुस्तक धरून बसायची. सासूबाईंनी ऐकून ऐकून मांडीच्या हाडापर्यंत मजल मारली होती. दोनशे सहा हाडं, हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, की त्यातली निम्मी तरी त्यांना रोज संध्याकाळी वेगवेगळी ओळखता येतात. वसतिगृहाच्या यादीत बादली, कंदील, मच्छरदाणी, दोन पांढऱ्या चादरी असं लिहिलं होतं आणि मी वस्तू जमवून कपाटावर ठेवत होते. लग्नाआधीसुद्धा मी इतक्या हौसेनं काही जमवलं नव्हतं. तेव्हा सगळं इतरांनी जमवलं होतं, मी नुसती जाऊन उभी राहिले होते.

आणि हे सगळं त्या एका आकड्यावर येऊन थांबायचं. पहिल्या गुरुवारी तेहतीस. मग एकतीस, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. शाळेत असताना वाईच्या मैदानावर आमच्या सरांच्या घड्याळात मी चौदा-पंधरात यायची. म्हणजे अठरा वर्षांत मी दुप्पट मंद झाले होते. वाईट वाटायचं, पण पटायचंही. बाळंतपण झालंय, म्हणायची मी, खुर्ची आहे, वय आहे. आज मात्र मी धावताना मनात आकडे मोजले होते, आम्ही लंगडीत मोजायचो तसे, एका लयीत. मोरीला हात लागला तेव्हा माझा आकडा होता एकोणीस. धावताना मोजलेलं खरं नसतं, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. पण एकोणीस कुठे आणि अठ्ठावीस कुठे. चूक एकाची, दोनाची होईल. नवाची कशी होईल? सासूबाईंना आकडे वाचता येतात, याबद्दल शंका नको. त्यांचं सगळं आयुष्य कुरुळीच्या शेतात आणि चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा विकण्यात गेलं, आणि इंग्रजी आकडे त्या इथं आल्यावर पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर शिकल्या, गिरणीवाला दळणात मारतो की काय ते बघायला. ज्या बाईनं गिरणीवाल्याला कधी पावशेराला फसू दिलं नाही, ती नऊ आकडे चुकणार नाही. ती सांगते ते ठरवून सांगते. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात खटला उभा राहिला होता.

यात माझ्या नोकरीचा दोष आहे, हे मला आता कळतं. टाइम ऑफिसात बसणाऱ्याला माणसाचा चेहरा दिसत नाही, कार्ड दिसतं. एकजण दुसऱ्याचं कार्ड मारतो. तो स्वतः तेव्हा कुरुळीत किंवा महाळुंग्यात घरी झोपलेला असतो, आणि कार्ड सांगतं, सात वाजता हजर. अशी कार्डं मी नुसती बघून ओळखते. सलग सहा दिवस बरोबर सहा एकोणसाठ उमटलं, की त्यात काहीतरी काळंबेरं आहे हे समजावं. खरा माणूस एवढा नेमका नसतो. आणि सासूबाईंचे आकडे कसे उतरत होते? एकदा दोन, मग एक, एक, एक. अगदी शिस्तीत. मी आंघोळीला गेले आणि अंगावर पाणी ओतता ओतता ठरवून टाकलं, की ही बाई मला थोडी थोडी आशा दाखवत शेवटी अठ्ठाविसावर बसवून ठेवणार आहे. चाचणीला मी जाऊच नये म्हणून. कारण सरळ होतं. मी दहा महिने गेले तर शैलाची शाळा, नवऱ्याचा, सुरेंद्रचा डबा, पाणी, दळण, सगळं साठीतल्या बाईच्या अंगावर. मी तिच्या जागी असते तर मलाही जड गेलं असतं. पण मी तोंडानं सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावलं, आणि या विचारानं मला फार उंच उंच वाटलं.

मग जुनं आठवत बसले. शोधायला गेलं की सापडतंच. लग्न होऊन मी कुरुळीला आले त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. सुरेंद्र पिंपरीला नोकरीवर निघाला आणि डबा ओट्यावर विसरला. फाट्यावर एसटी उभी दिसत होती. मी डबा घेतला, निऱ्या वर खोचल्या आणि बांधावरून धावत सुटले. धावणं मला तेव्हा चालण्याइतकंच सोपं होतं, त्यात काही विशेष आहे हे मला माहीतच नव्हतं. डबा पोचला. परत वळले तर विहिरीवरच्या सगळ्या बायका घागरी खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या, आणि सासूबाई दारात उभ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पळतीया बेस." बस्स. आत निघून गेल्या. ते कौतुक होतं की टोमणा, हे मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही. कधी मला माझा पराक्रम आठवायचा आणि ते कौतुक वाटायचं. कधी माझ्यामागे झालेली खुसखुस आठवायची आणि अंगाची आग व्हायची. त्यानंतर मी कुरुळीत धावले नाही. पिंपरीला बिऱ्हाड केलं, नोकरी लागली, आणि सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा तर चालण्यातसुद्धा मी पोक्त झाले होते. आता आठवड्याभरात मी ते "पळतीया बेस" पन्नासदा तरी मनात म्हणून बघितलं, आणि प्रत्येक वेळी ते जरा जास्तच कडू लागलं.

तो आठवडा मी नजर ठेवून होते. शुक्रवारी त्या म्हणाल्या, गुडघा धरलाय. मी मनात नोंद केली. शनिवारी शैलाला वेणी घालताना म्हणाल्या, "आता तुझी शाळा बी मलाच बगावी लागंल का गं?" तीही नोंद. रविवारी त्यांनी सुरेंद्रला विचारलं, तिथं जेवायला काय देतात, आणि तो म्हणाला, आई, अजून तिचा प्रवेश कुठं झालाय. त्यावर त्या चटकन म्हणाल्या, व्हईल की. हे मात्र माझ्या खटल्यात कुठंच बसेना, म्हणून मी सोडून दिलं. सुरेंद्रकडून मदत नव्हती. तो भला माणूस आहे. दुसऱ्या एका कंपनीत स्टोअरला आहे आणि मालाची आवकजावक सोडून कशाचाच संशय त्याला येत नाही. फीत लावून रस्ता मोजून दिला, तिथं त्याचं कर्तव्य संपलं. गुरुवारी तो नऊपर्यंत झोपतो. त्याला सांगून काय सांगणार होते? तुझी आई घड्याळ खोटं वाचते? मी जेवताना त्यांच्याशी गोड बोलत राहिले आणि माझं गोड बोलणं मलाच ऐकवेना. त्यांनी मला एकदा विचारलं, बरं न्हाई का? मी म्हटलं, हाडं पाठ करतेय.

मंगळवारपर्यंत मी हरले. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंनी हरले. सासूबाई खऱ्या असतील तर मी अठ्ठावीसवाली, चाचणीला जाऊन वीस वर्षांच्या पोरींसमोर हसं करून घेणारी. खोट्या असतील तर मी ज्या घरात शैलाला ठेवून दहा महिने जाणार, ते घर मला नको म्हणतंय. बुधवारी सकाळी त्या देवाजवळ होत्या तेव्हा रुमालातलं घड्याळ मी उचललं आणि कंपनीत घेऊन गेले, ज्याचं त्याला परत द्यायला. ते घड्याळ वर्क स्टडी खात्याचं. हे खातं म्हणजे कामगाराच्या पाठीमागे पाटी आणि घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि एक मीटर जुळवायला किती वेळ लागतो ते लिहायचं. घड्याळ दिसलं की बायकांची बोटं आपोआप सावकाश चालायला लागतात. तिथले मधुसूदनराव मला बहिणीसारखं मानतात, म्हणून त्यांनी एक जादा घड्याळ गुपचूप दिलं होतं. मी ते त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, घ्या, आता नको. त्यांनी विचारलं, का. मी म्हटलं, महिनाभर धावतेय आणि अठ्ठाविसाच्या खाली येत नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या एकदम सुटल्या. "पद्माताई, अठ्ठावीस काय?" ते म्हणाले. "यात सेकंद नसतात. आमच्या कामाला मिनिटाचे शंभर भाग लागतात, गुणाकार सोपा जातो. हे बघा, काटा एक फेरा करतो तो शंभराचा." मी बघितलं. कडेनं दहा, वीस, तीस असे आकडे नव्वदपर्यंत गेले होते. माझ्यासारखी नऊ वर्षं वेळेच्या खात्यात बसलेली बाई, आणि मी ते घड्याळ घरी आणल्यापासून एकदाही नीट बघितलं नव्हतं; रुमालात बांधलेलं आणलं, रुमालातच सासूबाईंच्या हातात दिलं. मधुसूदनरावांनी एका फाटक्या कार्डाच्या मागे गुणाकार करून दिला. अठ्ठावीस गुणिले शून्य पूर्णांक सहा. सोळा पूर्णांक आठ.

सोळा पूर्णांक आठ! मी टाइम ऑफिसात परत आले आणि त्या दिवशी मी कोणाचंही कार्ड अडवलं नाही. दोनजण उशिरा आले, त्यांना हसून आत सोडलं. ते बिचारे घाबरले. माझ्या आत दिवाळी चालली होती. एकतर मी पास होते, चांगला सव्वा सेकंद राखून. आणि दुसरं त्याहून मोठं: सासूबाई खऱ्या होत्या. काटा जिथं होता तोच आकडा त्यांनी सांगितला होता, आणि मी आठवडाभर त्यांच्या गुडघ्याच्यासुद्धा नोंदी ठेवल्या होत्या. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की दोन्ही एकत्र कसे सांभाळायचे ते कळेना. सुटल्यावर कॅम्पातून पावशेर जिलेबी घेतली. घड्याळ परत पिशवीत घातलं होतंच.

त्या ओट्याशी भाकरी थापत होत्या. शैला शेजारी खेळायला गेली होती, सुरेंद्र यायचा होता. मी पिशवी टेबलावर ठेवून उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मिनिटाचे शंभर भाग, गुणाकार, सोळा पूर्णांक आठ. म्हटलं, आई, अठरा लागतात आणि मी सोळात येतेय. मला वाटलं त्या हसतील. त्यांची परातीतली बोटं थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी उलटली नाही, म्हणून मी पुढे होऊन उलटली.

"पद्मा," त्या म्हणाल्या, "ते अठ्ठावीस नव्हतं."

"मग?"

"एकतीस व्हतं."

मी भाकरी हातात धरून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. पहिल्या गुरुवारी काटा छत्तिसावर थांबला होता. "तुला पायजे अठरा आन् काटा छत्तिसावर. बरुबर दुप्पट. कसं सांगावं? तुझं त्वांड बगवंना. म्हनलं, तेहतीस. आन् मंग दर बारीला तीन तोडत ऱ्हायले. मधीच खरं सांगितलं आसतं तर आकडा वाढल्यागत झालं आसतं न्हवं." म्हणून घड्याळ माझ्या हाती लागू नये, म्हणून ती कळ दाबण्याची घाई आणि तो रुमाल. आशा त्यांनीच दाखवली होती, पण मी समजत होते तशी नाही. एकतिसाचा गुणाकार मी तव्यासमोर उभ्या उभ्या केला: अठरा पूर्णांक सहा. म्हणजे मी अजून बाहेरच होते, सहा दशांशानं. खटल्यात मी बरोबर निघाले होते. बाई खोटं बोलत होती. फक्त खोटं कुठल्या बाजूला झुकलंय, हे मला नऊ वर्षांच्या अनुभवानं सांगता आलं नव्हतं. मला हसूही फुटलं आणि रडूही आलं, आणि मग जे कधीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते मी सांगून टाकलं. म्हटलं, आई, मला वाटत होतं तुम्ही वाढवून सांगताय. मी जाऊ नये म्हणून.

त्यांनी परातीतला हात काढला, पदराला पुसला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "तू जाऊ न्हाई असं मला वाटतंच," त्या म्हणाल्या. "धा म्हैनं घर खायला उठंल. पोरगी तुझ्यासाठी रडंल, ती मला गप करावी लागंल. वाटायचंच. पन ते घड्याळात कशाला घालू? मला त्वांड हाय की." आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या. आठवडाभर मी या बाईवर नजर ठेवली होती. हातातली भाकरी मी टोपल्यात ठेवली. त्या म्हणाल्या, जिलेबी गार व्हईल. मी म्हटलं, आई, आता काही तोडायचं नाही. बरं, म्हणाल्या.

दोन गुरुवार उरले होते. लक्ष्य आता साधं होतं, काटा तिसाच्या आत. पहिल्या गुरुवारी मी आले, त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. एकतीस. मी पुन्हा धावले, पुन्हा एकतीस. तिसऱ्यांदा ट्रान्सफॉर्मरकडे चालत निघाले तर त्यांनी मागून हाक मारली. त्या इतके दिवस कठड्यावर नुसत्या घड्याळ धरून बसल्या नव्हत्या, मला बघतही होत्या. म्हणाल्या, शेवटच्या दहा पावलांत तू माझ्या हाताकडं बगतीस आन् हळू हुतीस. हे खरं होतं. आकडा काय येतो, या धास्तीनं मी मोरीच्या अलीकडेच ब्रेक लावत होते. आणि आज तर त्या पुन्हा काही तोडतात की काय, याकडेच डोळे लावून आले होते. माझ्या संशयानं माझेच पाय धरले होते. "माझ्याकडं बगू नगंस," त्या म्हणाल्या. "त्या पल्याडच्या कडुलिंबाकडं बग. मी इथं न्हाईच आसं समज." तसं समजायला मला जड गेलं, पण मी कडुलिंबाकडे बघत धावले आणि मोरी ओलांडून पार पुढे गेले. परत आले तेव्हा तानुबाईसुद्धा म्हैस सोडून घड्याळात डोकावत होती. काटा तीस आणि एकोणतीसच्या मध्ये होता. पुढच्या गुरुवारी एकोणतीस, स्वच्छ, रेघेवर. मी दोनदा बघितलं. सासूबाईंनी मलाच कळ दाबायला दिली.

चाचणी रविवारी होती, पुण्याचा सुट्टीचा दिवस, आमचा कामाचा. सुरेंद्रला रजा मिळाली नाही. शैलाला शेजारी ठेवलं आणि सासूबाई म्हणाल्या, मी येते. इरकली लुगडं नेसून त्या माझ्या पांढऱ्या बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या. मैदानावर साठ-सत्तर पोरी होत्या, दोन वेण्यांच्या, पायांच्या काड्या झालेल्या, आणि त्यातली एक मला काकू म्हणाली. मला राग आला नाही. आमच्या तुकडीत सहाजणी. शिट्टी झाली आणि मला पुढे काहीच दिसलं नाही, फक्त मैदानाच्या टोकाची पांढरी भिंत, तिच्यावर मी जाऊन आदळणार असं वाटलं तरी थांबले नाही. सहांत चौथी आले. परीक्षकांनी कागदावर बघून वाचलं: सतरा पूर्णांक पाच. सेकंद, मी विचारून घेतलं. त्यांनी माझ्याकडे चमत्कारिक बघितलं आणि म्हणाले, दुसरं काय असणार?

दोरीपलीकडे सासूबाई उभ्या होत्या. मी जाऊन सांगितलं आणि त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तेव्हा कुठे मला कळलं, की आता जायचं आहे. इतके दिवस मी अठरा सेकंदांपाशी अडकले होते, त्याच्या पलीकडचं दिसतच नव्हतं. आता दिसलं: सकाळी शैला उठेल आणि मी नसेन. त्या वेळी कोणी म्हटलं असतं, जागा भरल्या, पुढच्या वर्षी या, तर मी सुटकेचा श्वास टाकला असता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझं मनगट धरून मला कार्यालयाच्या दिशेनं चालवत नेलं. खिडकीशी एक वयस्क कारकून बसला होता. त्यानं माझा अर्ज तपासला, नवऱ्याची सही बघितली आणि म्हणाला, लग्न झालेल्या बाईसाठी सासरच्या एका वडीलधाऱ्या माणसाची संमती पाहिजे. गेल्या वर्षी एकीचे सासरे भर सत्रात येऊन तिला वळकटीसकट घेऊन गेले, तेव्हापासून हा नियम. मी म्हटलं, या माझ्या सासूबाई. त्यानं चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं, कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि आवाज चढवून, खेड्यातल्या माणसाशी बोलतात तसं एकेक शब्द तोडून विचारलं, "आजी, सून दहा महिने इथं राहणार. तुमची काही हरकत नाही ना?"

"हाय की," सासूबाई म्हणाल्या. "सही कुठं करायची?"